वेशीत अडलेला ट्रॅक्टर

गोरक्षनाथाचा नवा ट्रॅक्टर नगरहून ट्रेलरवर आणायचं काम नेमकं सूर्यभानच्याच वाट्याला यावं, याला नशीब म्हणा नाहीतर देवाचा न्याय म्हणा. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा दसरा होता. गाव देवळालीच्या अलीकडे, ट्रॅक्टर चालवतही नेता आला असता. पण गोरक्षअण्णाची हौस दांडगी! नव्या वाहनाचं चाक पहिल्यांदा टेकायचं ते गावच्या वेशीत, दिवस मावळायच्या आत, आईच्या हातनं भाकरतुकडा ओवाळून घेऊनच. त्याआधी टायरला रस्त्याची धूळ लागता कामा नये, म्हणून हा सगळा थाट.

"रंभाजीचा ना रे तू?" फेटा सारखा करत गोरक्षनाथानं विचारलं.

"व्हय."

"मग नीट आवळ. बापासारखं राखता राखता गायब करू नको, म्हंजे झालं."

ट्रॅक्टरच्या दुकानापुढची चार माणसं फिदीफिदी हसली. सूर्यभानच्या अंगाची लाही लाही झाली, पण तो साखळ्या उचलायला वळला.

रंभाजी पूर्वी गोरक्षनाथाच्या विहिरीवर राखणीला होता. एके दिवशी विहिरीवरचं ऑइल इंजिन नाहीसं झालं आणि गोरक्षनाथानं भर चावडीवर त्याला चोर ठरवलं. म्हाताऱ्यानं मारुतीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, "हा डाग धुतल्याबिगर येशीच्या आत पाऊल टाकनार न्हाई." तेव्हापासून तो ओढ्यापलीकडं छपरात राहत होता. सूर्यभानच्या लग्नाची वरात वेशीतून आत गेली, तेव्हा बाप बाहेर उभा राहिला, लांबूनच अक्षता टाकल्या आणि माघारी फिरला. पोटच्या पोराच्या लग्नात! सूर्यभान ते कसं विसरेल?

आणि यंदाच्या उन्हाळ्यात, माल घेऊन संगमनेराकडं गेला असताना, पाणी प्यायला म्हणून तो एका मळ्यात शिरला. बघतो तर विहिरीवर तेच इंजिन! टाकीला तांब्याच्या पत्र्याचं ठिगळ, त्याच्या बापानंच मारलेलं. मळा कुणाचा विचारलं, तर गोरक्षनाथाच्या बहिणीच्या सासरचा. म्हणजे घरातल्या भावांना पत्ता लागू न देता यानंच इंजिन दाजीच्या घशात घातलं होतं आणि पाप गरिबाच्या माथ्यावर थापलं होतं.

सूर्यभाननं ट्रॅक्टर फळ्यांवरून ट्रेलरवर चढवला. गिअरमध्ये घातला, हँडब्रेक ओढला, चारी चाकांना लाकडी ठोकळे ठोकले. मग पुढच्या-मागच्या आसाला साखळ्या घालून चार कोपऱ्यांना फुलीसारख्या ताणल्या आणि पहारीनं पीळ देऊन अशा आवळल्या, की ट्रॅक्टर आणि ट्रेलर जणू एकाच आईची लेकरं. एरवी तो साखळीच्या टोकाला नुसता बोल्ट घाली. आज त्यानं चारी कोपऱ्यांना एकाच किल्लीची, मुठीएवढी कुलपं ठोकली.

"कुलपं कशापायी?" गोरक्षनाथ.

"राखायचं म्हनलं की कुलूप आलंच, अण्णा."

नव्या वाहनाची गादी रिकामी नेऊ नये म्हणून गोरक्षनाथ स्वतः ट्रॅक्टरवर चढून बसला. रस्त्यानं जाणारायेणारा बघत होता आणि हा फेटा सावरत होता. विळदच्या घाटात सूर्यभाननं रिवाजाप्रमाणं गाडी थांबवली. हादऱ्यांनी साखळी बसते, ढिली पडते, म्हणून मध्ये एकदा बघावंच लागतं. मागची उजवी ढिली झाली होती. पुढं उतार होता, वळण होतं आणि वर गोरक्षनाथ डुलक्या घेत होता. सूर्यभानचा हात साखळीवर थांबला. एक कोपरा तसाच सोडला, तर? कोण विचारणार होतं?

'छट्! मेला तर सुटला,' तो मनाशी म्हणाला. 'मला ह्यो जित्ता पायजे.' त्यानं पहार घालून आणखी दोन पीळ भरले.

वेशीत सगळं गाव लोटलं होतं. डफ वाजत होता, आपट्याची पानं वाटली जात होती. गोरक्षनाथाची आई रतनबाई ताट घेऊन पुढं उभी होती. ताटात भाकरतुकडा, निरांजन, पाण्याचा तांब्या. दिवस हातभर वर होता. ट्रेलर वेशीच्या तोंडाशी लागला. सूर्यभान उतरला आणि सरळ वेशीजवळच्या आडाच्या कठड्यावर जाऊन बसला. कनवटीची किल्ली काढून त्यानं आडावर धरली.

"आरं, सोड की! दिवस चाल्ला," गोरक्षनाथ वरून ओरडला.

"बांधायचं काम माजं हुतं, ते केलं. सोडायचं तुमच्याकडं हाय. विहिरीवरलं इंजिन कुनी नेलं, तेवढं हितं सांगा. न्हाईतर किल्ली आडात."

डफ थांबला.

"माजलास व्हय रं? छन्नी आना! तोडा साखळ्या!"

"तोडा की. दसऱ्याच्या दिवशी, नव्या वाहनावर पयला घाव लोखंडाचा. हाय का कुनाची छाती?"

कुणीच हललं नाही. लोहारसुद्धा मागं सरकला. गोरक्षनाथानं शिव्या घातल्या, मग गोड बोलला, मग पुन्हा शिव्या घातल्या. दिवस झाडाच्या शेंड्याला टेकला. शेवटी रतनबाईनं ताट कमरेला टेकवलं.

"गोरक्षा, तू बोलतूस का मी बोलू? लेकीच्या मळ्यात मी डोळ्यानं बघितलंय. इतकी वर्सं तोंड दाबून बसले, माजंबी चुकलंच."

मग काय राहिलं! भाऊबंद बघताहेत, गाव बघतंय. गोरक्षनाथ मान खाली घालून म्हणाला, "म्याच दिलं. रंभाजीनं न्हाई नेलं."

"मोठ्यानं. चावडीत लई मोठ्यानं बोलला हुता."

तो मोठ्यानं बोलला.

किल्ली अजून आडावरच होती. "आता जावा, आन त्येला घिऊन या. तुमी सोता."

गोरक्षनाथ ट्रेलरवरून उतरला आणि ओढ्याकडं चालू लागला. दसऱ्याला सगळं गाव शिवेबाहेर सोनं लुटायला जातं, हा मात्र चोर ठरवलेल्या माणसाला आणायला चालला होता. सूर्यभान त्याच्या पाठीकडं बघत राहिला. केवढं बरं वाटत होतं, काय सांगावं!

म्हातारा काठी टेकत आला, तेव्हा उजेड सरत आला होता. वेशीशी येऊन तो सवयीनं थांबला. रतनबाई पुढं झाली. ट्रॅक्टरसाठी आणलेला भाकरतुकडा तिनं रंभाजीवरून ओवाळून टाकला, निरांजन ओवाळलं आणि तांब्यातलं सगळं पाणी त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांवर ओतलं.

"या भावजी, आत या."

रंभाजीनं आधी काठी आत टेकवली, मग पाऊल. आत गेल्यावर तो वळून लेकाला म्हणाला, "सोड आता बाबा. दुसऱ्याचं वाहान हाय."

आडावर धरलेली किल्ली इतका वेळ हलली नव्हती. आता तीच किल्ली सूर्यभानला कुलपात घालता येईना, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. चारी कुलपं निघाली, फळ्या लागल्या, ट्रॅक्टर घरघरत खाली उतरला. गोरक्षनाथानं आईच्या ताटाकडं बघितलं. निरांजन विझलं होतं, तांब्या पालथा होता.

"दुसरं ताट करून आन की," तो बायकोला म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," रतनबाई म्हणाली. "दिवस मावळला."