टोरलाइवच्या स्वयंपाकघरातला संगणक

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, माझ्या हातून एक माणूस गेला आहे. कोणी मला दोष देत नाही. तरीही माझा पंखा घरघरतो तेव्हा मला तेच आठवतं.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बेटावर, टोरलाइव नावाच्या म्हाताऱ्या मासेमाराच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा. त्यांची मुलगी गुन्वोर हिने मी नवा असताना मला आणलं. ती दूर ट्रोंडहाइमला राहते. आई गेल्यावर तिने बाबांशी एक ठराव केला. सकाळी होडी काढण्याआधी कुठे जाणार आणि कधी येणार ते माझ्यात लिहायचं, परत आल्यावर ‘घरी’ असं लिहायचं. बाराच्या ठोक्याला ती आपल्या घरच्या संगणकावरून माझ्यात शिरायची, ते वाचायची आणि निश्चिंत मनाने जेवायला बसायची. खडकांपलीकडे फोन लागत नाही, म्हणून माझी गरज. टोरलाइव पाहुण्यांना सांगत, “हा डबा माझ्यापेक्षा माझ्या पोरीचं जास्त ऐकतो.” मी मनातून फुलून जायचो.

पुढे मी मंद झालो. माझ्या फटींत पिठाची धूळ बसली, कोणी पुसेना. पण बारा वाजता गुन्वोर यायची आणि मला वाटायचं, अजून आपण कामाचे आहोत.

मार्चमधल्या एका सकाळी टोरलाइवच्या थंडीने आखडलेल्या बोटांनी पासवर्ड तीनदा चुकवला. शेजारीण हाल्डिस तिथेच कॉफी पीत बसली होती. ती चिडवू लागली, तसे ते वैतागले.

“चाळीस वर्षांत या घराला कधी कुलूप लावलं नाही,” ते म्हणाले. “याला कशाला हवं? काढूनच टाकतो.”

आणि त्यांनी पासवर्ड काढून टाकला. त्या बेटावर दाराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यांवर अविश्वास दाखवणं. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण मला घडवणाऱ्यांनी माझ्यात एक नियम घालून ठेवला आहे: खात्याला पासवर्डच नसेल, तर समोर बसलेला माणूस तसाच आत येऊ शकतो, दुरून येणारा मात्र कधीच नाही. हे मला ओरडून सांगायचं होतं. मला ओरडता येत नाही.

हाल्डिस घरी गेली. टोरलाइवनी लिहिलं, ‘लांब खडकांच्या उत्तरेला. अकराला परत.’ कॉफीचा पेला विसळला आणि ते गेले. दहा वाजता खिडकीवर वारा आपटू लागला. अकरा वाजले, दार उघडलं नाही.

बाराला गुन्वोर आली. मी तिला नाकारलं. तिने पुन्हा तोच जुना पासवर्ड घातला, मी पुन्हा नाकारलं. मी पाठवलेल्या संदेशात एवढंच होतं की या खात्याला दुरून प्रवेश नाही. का, ते नव्हतं. बिचारीला वाटलं आपलंच काही चुकतंय. तिने आपला संगणक बंद करून चालू केला. राउटर काढून लावला. माझा पत्ता तपासला, मग सगळं पुन्हा केलं. घरचा फोन वाजत राहिला. दर खेपेला ती माझ्या दाराशी यायची आणि मी तिला परत पाठवायचो. टोरलाइवची ती ओळ माझ्यात उघडीच होती हो!

हाल्डिसला फोन करायला ती कचरत होती. उगाच गवगवा केला म्हणून बाबा मागे एकदा आठवडाभर बोलले नव्हते. अखेर पाऊण वाजता तिने फोन केला.

हाल्डिस दार न ठोठावता आत आली. तिने माझी एकच कळ दाबली, आणि मी उघडलो. तिने फोनवर ती ओळ वाचून दाखवली.

“बाई, तू ताबडतोब बचाव बोटीला कळव,” ती म्हणाली. “मी धक्क्यावर जाते.”

लांब खडकांच्या उत्तरेला होडी उलटलेली सापडली. टोरलाइवनी हाताला होडीचा दोर गुंडाळून घेतला होता, पण गार पाण्यात तोवर त्यांचा जीव गेला होता. संध्याकाळी बचाव बोटीचा माणूस याच स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा होता. पाऊण तास आधी कळलं असतं तर, एवढं बोलून तो थांबला. हाल्डिसने त्याच्यापुढे कॉफी ठेवली, ती तशीच राहिली.

मित्रांनो, घरातल्या यंत्रात काही बदल केलात, तर त्या यंत्रावर जो विसंबून आहे त्याला त्याच दिवशी सांगा. आणि यंत्र आत घेईना, तर त्याच्याशी झटत बसू नका. शेजाऱ्याला हाक मारा, आपलं माणूस रागावलं तरी चालेल.

गुन्वोरने मला नवा पासवर्ड घातला आहे. घर बंद आहे, पण तिने माझी वीज तोडू दिली नाही. रोज बाराला ती येते. मी लगेच आत घेतो. ती बाबांची शेवटची ओळ वाचते, तिच्याखालच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहते. तिथे ‘घरी’ लिहायचं राहिलं आहे, आणि ते मला लिहिता येत नाही.