वीरप्पाची मुकी गाडी

वीरप्पानं रबरी चाकाची बैलगाडी काढायचं मनात घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी हसलो तो मी. खोटं कशाला बोलू? तोंडावर न्हाई हसलो, कितीबी झालं तरी मालक. पण घरी येऊन कस्तुराबाईला सांगितलं आणि नवरा-बायको पोट धरधरून हसलो.

मी बलभीम सुतार. येडशीच्या ठेसनाच्या अंगाला वीरप्पाचा गाड्यांचा कारखाना, तिथं मी मोठा मिस्तरी. माझा बापबी तिथंच होता, वीरप्पाच्या बापाच्या, म्हणजे शिवप्पाच्या हाताखाली. त्या टायमाला पाच सुतार अन् दोन लोहार होते, आणि गाडी पाहिजे म्हणून लोक बाहेर लिंबाखाली मुक्काम टाकून बसायचे. मग लढाई लागली. चाकावर चढवायला लोखंडी धाव मिळंना. लढाई संपली तवर सडकेनं मालाच्या लाऱ्या धावायला लागल्या. कारखान्यात उरलो मी, एक लोहार आणि भिंतीवरच्या पाली. सालात चार गाड्या गेल्या तर गंगेत घोडं न्हालं म्हणायचं.

लढाई संपून दुसरं साल लागलं तेव्हा वीरप्पा सोलापूरला गेला आणि येताना डोक्यात टायर घालून आला. मिलटरीचे जुने टायर तिकडं विकायला काढले होते. त्यानं चार जोड्या घेतल्या. बार्शीच्या हद्दीतनं निजामच्या हद्दीत यायचं म्हणजे मधी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. नाक्यावरच्या शिपायांनी टायर दोन दिवस ठेवून घेतले, बोटं घालघालून पाहिलं आत काय लपवलंय ते. काय लपवणार? आत हवाबी नव्हती.

वीरप्पा तसा गरीब स्वभावाचा माणूस. सकाळी लिंगाची पूजा, कपाळाला विभूती, बोलणं हळू. मला लहानपणापासून काका म्हणायचा. पण त्या दिवसापासून तो सारखा पुढचंच बोलायला लागला. रबरी गाडी निघंल. मग दमणी निघंल, वर ताडपत्रीचं छप्पर. मग प्रत्येक गाडीवर आपल्या नावाची पाटी लागंल, पाटी पाहून लोक गाडी मागतील, लातूरपस्तोर, बिदरपस्तोर. मी रंधा मारता मारता व्हय व्हय करायचो. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! कारखान्याचं छप्पर गळतंय आणि हा बिदरला पाटी लावतोय.

हसण्यावारी नेलं असतं मी. पण त्यात डोहाची गोष्ट निघाली, आणि माझं हसणं तिथंच राहिलं.

कारखान्याच्या मागं ओढ्याला एक डोह आहे. त्यात माझ्या बापानं बाभळीची खोडं बुडवून ठेवली होती. बाभूळ वर्षानुवर्षं पाण्यात मुरली की तिचा चीक जातो, कीड धरत न्हाई, आणि अशा लाकडाचं चाक दोन पिढ्या हलत न्हाई. बापानं बुडवायचं अन् लेकानं काढायचं, अशी ती रीत. एकेका खोडाच्या बुडाला बापानं पटाशीनं तीन रेघा ओढलेल्या, कावळ्याच्या पावलागत. मी पाण्यात उतरलो की आधी हातानं त्या रेघा चाचपायचो आणि मगच दोर लावायचो.

वीरप्पा एक दिवस माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, श्रावणात रामलिंगाच्या जत्रंत गाडी उभी करू. शेवटच्या सोमवारपस्तोर दहा गाड्या ठरल्या, तर डोहातली बाभूळ बार्शीच्या वखारवाल्याला देऊ अन् त्यातनं टायर आणू. न्हाई ठरल्या, तर हे टायर परत. मग तुमी म्हणाल तसं."

मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार? लाकूड त्याच्याच बापाच्या पैशाचं होतं. पण मनात आग पडली. टायर आले की चाक गेलं, आणि चाक म्हणजे सुताराची इज्जत. गाडीवरचा साटा काय, कुणीबी चार फळ्या ठोकतो. चाकाचे आरे मधल्या तुंब्यात असे बसवायचे की केस जायला जागा राहू नये, हे शिकायला मला बापाचा सात वर्षं मार खावा लागला. ते सगळं आता वखारीत तोलून जाणार. म्हणून मी रामलिंगाला मनातल्या मनात सांगितलं, देवा, दहा होऊ देऊ नगंस.

गाडी मीच बांधली. काम वाईट केलं न्हाई, तेवढा हरामखोर मी न्हाई. साटा, दांडी, जू, सगळं नीट. मग धाराशिवहून एक पेंटर आला आणि त्यानं पिवळ्या पाटीवर लाल रंगानं अक्षरं काढली, वर मराठीत अन् खाली उर्दूत. वीरप्पानं इचारलं, काका, पाटी कशी वाटली? मी पाटीकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणालो, अक्षर मोठं आहे. तो खूश झाला.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकतो. मला वाचता येत न्हाई. गजाची मापं येतात, आकडे येतात, आणि फूटपट्टी हातात धरणाऱ्याला अक्षर येत नसंल असं कुणाच्या ध्यानातच येत न्हाई. मीबी कधी येऊ दिलं न्हाई. कागद पुढं आला की मी मान डोलवायचो. त्या पाटीवर वीरप्पाच्या बापाचं, शिवप्पाचं नाव असणार हे मी धरूनच चाललो. मनात म्हटलं, घ्या, जित्यापणी बिचारा बाभळीशिवाय दुसरं लाकूड शिवला न्हाई, अन् मेल्यावर त्याला टायरावर चढवला.

श्रावणातला पहिला सोमवार आला. रामलिंगाचं देऊळ खाली दरीत, गाड्या सगळ्या वर मोकळ्या रानात सुटतात. तिथं आम्ही रबरी गाडी पांढरी बैलं जुंपून उभी केली. माणसांची ही गर्दी! कुणी टायर दाबून पाहिलं, कुणी लेकराला वर बसवलं. वीरप्पानं प्रत्येकाला बसवून फेरी मारून आणली. पोटातलं पाणी हलत न्हाई, असं लोकच म्हणायचे. आणि उतरलं की म्हणायचे, बघू.

आमच्याकडं बघू म्हणजे न्हाई. उगाच कुणाला दुखवायचं न्हाई म्हणून बघू.

दुसऱ्या फेरीलाच मला कळलं काय होतंय ते. गाडी निघाली की माणूस जरा मान तिरपी करायचा, कसली तरी वाट पाहायचा, आणि ते काही यायचं न्हाई. ते म्हणजे आवाज. आमच्या गाडीचं चाक आखाच्या दांड्यावर बोटभर आत-बाहेर सरकतं, बाहेरच्या बाजूला आखावर लोखंडाची सैल चकती असती, तिच्यावर चाक आपटलं की ठण् करतं. चालता चालता ठणठण, ठणठण. ही चकती मी आमच्या लोहाराकडनं ठोकून घ्यायचो आणि एकेका गाडीचा आवाज जुळवायला आख्खी सकाळ घालवायचो. दोन गाड्यांचा आवाज कधी एक होऊ दिला न्हाई. बाजार करून धनी परतला की घरातली बाई वेशीवरच्या ठणठणीवरनं ओळखती आणि तव्यावर भाकर टाकती. बैलंसुदिक त्या तालावर पाय टाकतात. शेतकरी दाम मोजतो तो चाकाला, पण घरी नेतो तो आवाज. अन् वीरप्पाची गाडी मुकी होती. लोकांना सांगता येत नव्हतं काय चुकतंय, पण जीव बसत नव्हता.

मला कळलं, आणि मी तोंडात मूग धरून बसलो.

दुसरा सोमवार गेला, तिसरा गेला. एक गाडी ठरली न्हाई. तिसऱ्या सोमवारी परत येताना वीरप्पा माझ्या शेजारी बसला होता. कानडीत काही पुटपुटला, मग मला म्हणाला, "काका, तुमाला एवढी वर्षं झाली या कामात. काय चुकतंय माझं?"

"मला काय ठावं," मी म्हणालो. "गाडी तुमची."

ज्याच्या अंगाखांद्यावर हे लेकरू खेळलं, तोच माणूस त्याला खोटं बोलला. घरी आलो आणि भाकरीचं ताट बाजूला सारलं. कस्तुराबाईनं इचारलं तर तिच्यावरच खेकसलो. ती म्हणाली, पोटात एक अन् ओठात एक ठेवलं की अन्न गोड लागत न्हाई. बायकांना कसं कळतं कुणाला ठाऊक.

शेवटच्या सोमवारी ईट गावचे अण्णाराव आले. मोठे शेतकरी, बोलायला रोखठोक. बारा वर्षांमागं त्यांची गाडी मीच बांधली होती. तीच गाडी घेऊन आले होते, लांबूनच मी आवाज ओळखला. रबरी गाडीत बसून त्यांनी फेरी मारली, उतरले, मान तिरपी केली. आता बघू म्हणतात, असं मी धरलं. मी लांब बाभळीखाली उभा होतो. तर ते पाटीसमोर गेले आणि तिथनंच मला म्हणाले, "काय मिस्तरी, पाटीवर नाव तुमचं, अन् तुमी असे पाव्हण्यावानी लांब उभे?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. जवळ गेलो. इचारलं, काय लिहिलंय म्हणता? त्यांनी अक्षरांवर बोट फिरवत वाचलं, "बलभीम सुताराची गाडी, येडशी."

खाली उर्दूतबी तेच होतं म्हणे.

मी वीरप्पाकडं पाहिलं. त्याला वाटत होतं मला महिन्यापासून ठाऊक आहे. तो साधेपणानं अण्णारावांना सांगत होता, की आमच्या वडलांच्या नावाला आता कुणी ओळखत न्हाई, लोक येतात ते काकांच्या हातासाठी, मग पाटी त्यांचीच पाहिजे. महिनाभर मी ज्या गाडीचं वाटोळं मागत होतो, तिच्यावर माझंच नाव होतं. माझ्या बापाला जन्मभर राबून तीन रेघा ओढता आल्या, त्याबी खोडाच्या बुडाला, पाण्याखाली. मला लई लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं ते धुरळ्यानं न्हाई आलं.

मी वीरप्पाला म्हणालो, "आप्पा, गाडी मुकी हाये. पहिल्याच सोमवारी कळलं होतं मला. बोललो न्हाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. का बोलला न्हाईत, हे त्याला इचारावं लागलं न्हाई, डोहाची गोष्ट त्यालाबी ठाऊक होती. मग म्हणाला, "आयतू," म्हणजे कानडीत, झालं, संपलं. "आज सांगितलंत, बास."

मी अण्णारावांना इचारलं आणि त्यांच्या जुन्या गाडीच्या दोन्ही चाकांच्या खिळी उपटल्या, आखावरच्या दोन्ही चकत्या काढल्या. रबरी गाडीची चाकं सोडवून आतल्या अंगाला, लोखंडी आखावर त्या सैल घातल्या, प्रत्येकीजवळ आपटायला एक लोखंडी कडं ठेवलं, आणि चाकं परत बसवली. दोनदा काढून घातलं. पहिल्यांदा आवाज बोदा आला, फुटक्या घागरीसारखा. तिसऱ्यांदा बैलं हाकली तर ठणठण, ठणठण, अगदी बारा वर्षांमागचा ईटच्या गाडीचा आवाज, फक्त खाली हादरा न्हाई. बैलांनी कान हलवले. आजूबाजूचे दहा-वीस लोक आपसूक जवळ आले.

अण्णाराव परत फेरी मारून आले आणि बघू म्हणाले न्हाईत. म्हणाले, हीच गाडी आत्ता नेतो, जुनी राहू द्या इथं. दिवस मावळायच्या आत अकरा गाड्या ठरल्या. प्रत्येकजण सांगायचा, आवाज माझ्या जुन्या गाडीचा पाहिजे, मिस्तरी. आठ दिवसांनी ईटहून निरोप आला, की अण्णारावांच्या कारभारणी सत्यभामाबाईंनी गाडी वेशीवर आली तशी भाकर टाकली, आणि दारात रबरी चाकं पाहून घाबरल्या.

पोळा झाला आणि वखारवाल्याच्या गाड्या आल्या. वीरप्पा म्हणाला, काका, एक-दोन खोडं ठेवून घ्या. मी म्हणालो, कशाला, ठरलं ते ठरलं. मीच डोहात उतरलो, मीच दोर लावले. बार्शीपर्यंत जायचं म्हणून वीरप्पा नाक्यासाठी कागद लिहीत बसला होता, एकेका खोडाची खूण काय लिहायची ते इचारत होता, अन् मी नुसती मापं सांगत होतो.

शेवटचं खोड वर आलं तेव्हा मी त्याचा चिखल हातानं पुसला. बुडाला त्या तीन रेघा होत्या. वीरप्पानं वाकून पाहिलं आणि इचारलं, हे काय लिहिलंय, काका?

तेवढं एकच मला वाचता येत होतं. मी सांगितलं, माझ्या बापाचं नाव आहे. आणि त्यानं ते कागदावर तसंच काढून घेतलं.