दोनाच्या जागी तीन

घाबरू नका मित्रांनो, घाबरलोय तो मीच! मी एक जुना कीबोर्ड आहे, पण तुमच्या ओळखीचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नव्हे. माझ्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी बटणं आहेत आणि पोटात पाव सूर. नेहमीच्या कीबोर्डवर एका सप्तकात बारा सूर असतात. शेजारच्या दोन सुरांच्या बरोबर मधे जो लपून बसतो, तो माझा. म्हणजे माझे सूर झाले चोवीस!

एका इंजिनिअर बाईंनी आपल्या गॅलरीत बसून आम्हाला बनवलं. आम्हाला, कारण आम्ही जुळे भाऊ. शेवटचा स्क्रू पिळून, धुळीवर फुंकर मारून त्या म्हणाल्या, "जा, कुणी न ऐकलेलं ऐकवा." आमची छाती कशी फुगली म्हणून सांगू!

भाऊ गेला एका संगीत शिक्षिकेकडे आणि मी वाद्यांच्या दुकानात, काचेमागे. लोक यायचे, "अय्या, कसला गोड!" म्हणायचे आणि साधा कीबोर्ड घेऊन जायचे. एक दिवस भाऊ परत आला. पाव सूर लागतच नाहीत, अशी शिक्षिकेची तक्रार होती. दुकानातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी तासभर बटणं ठोकून पाहिली. "गेलीत ही," म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. मी काचेतून सगळं पाहिलं. दुपारपर्यंत माझा भाऊ बिस्किटांच्या डब्यात होता. डबा कुणी हलवला की आतून खुळखुळ आवाज यायचा, आणि माझ्या तारांमधून थंडी जायची.

मग मला एक मुलगी घरी घेऊन गेली. मी तिला ताई म्हणतो. ताई नववीत आहे. तिनं वर्गभर सांगून टाकलं होतं, "माझी धून साध्या कीबोर्डवर मावतच नाही!" शनिवारी पाचला शाळेत कार्यक्रम होता.

माझी मांडणी दोन आकड्यांवर चालते. उजवीकडच्या बटणावर गेलं की सूर किती पावलं चढतो, हा एक. वरच्या ओळीत गेलं की किती, हा दुसरा. एवढं ठरवलं की झालं, बोटांचा एकच आकार कुठेही ठेवा, तीच सुरावट निघते. बारा सुरांसाठी ताईचे आकडे होते दोन आणि एक. शनिवारी सकाळी तिनं मला चोवीसवर नेलं आणि टाळी वाजवून म्हणाली, "सूर दुप्पट, तर आकडेही दुप्पट. चार आणि दोन. सोप्पं!"

अगं, थांब! मी मनातल्या मनात ओरडलो. पण मला तोंड कुठे आहे? दाबाल तेच मी बोलणार.

तिनं बटणं दाबली. तेच जुने बारा सूर. पुन्हा दाबली. माझ्या छोट्या पडद्यावर चोवीसच्या चोवीस नावं, आणि वाजतात बाराच! तिनं चिडून दुसऱ्या ओळीतल्या एका बटणावर अशी मूठ मारली की ते लोंबायलाच लागलं. मग तिनं दुकानातल्या काकांना फोन लावला. "काका, हा बिघडलाय. तीनला या. नाहीच जमलं तर हा घेऊन जा नि साधा द्या."

"येतो. सुट्या भागांचा डबाही आणतो," काका म्हणाले.

तो डबा! मित्रांनो, घड्याळाचा प्रत्येक ठोका मला खुळखुळल्यासारखा ऐकू येत होता.

पावणेतीनला ताईची आत्या कामावरून आली, कोपरापर्यंत सिमेंट. ती फरश्या बसवते.

"काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड?"

"आत्या, तुला नाही कळायचं."

"बरं बाई, मला काय कळतंय! पण ही तर फरशीच की गं, षटकोनी." तिनं माझ्यावर बोट ठेवलं. "उजवीकडे गेलं की?"

"चार पुढे."

"आणि वर?"

"दोन."

आत्याचं बोट फिरत राहिलं. चार, सहा, दहा, आठ. "मग तीन नंबरची फरशी कुठे बसवलीस? पाचची? सगळ्या उड्या जोडीच्या मारल्यास तर मधलीवर पाय पडेल कसा?"

ताईनं आ वासला. तेवढ्यात बेल वाजली.

काका आत आले, बसले आणि काही विचारायच्या आत त्यांनी मला पालथा घातला. स्क्रूड्रायव्हर पहिल्या स्क्रूला लागला. एक पीळ सुटला. दुसरा...

"काका, नको! सुलटा करा त्याला!"

ताईनं दोनाच्या जागी तीन केलं. लोंबणारं बटण मात्र कामातून गेलं होतं. काकांनी डबा उघडला आणि माझ्या भावाचं एक बटण तिथं बसवलं. ताईनं नेमकं तेच दाबलं.

पाव सूर! खणखणीत!

"अगंबाई, हा कुठे दडला होता?" आत्या म्हणाली.

काका डब्याकडे बघत राहिले. "म्हणजे त्या दुसऱ्याचेही आकडेच चुकले होते!"

मित्रांनो, आम्ही खरंच बिघडलो तर जरूर उघडा आम्हाला. पण आधी एकदा स्वतःचे आकडे तपासा. आम्हाला हाक मारून सांगता येत नाही हो.

पाच वाजता ताईनं धून सुरू केली ती त्याच बटणावर. जन्मभर ज्याला एकही पाव सूर वाजवू दिला नाही, तो माझा भाऊ भरल्या सभागृहात वाजला. काकांनी दिलेला तो डबा आता ताईच्या कपाटात आहे. तो हलला की मी अजूनही घाबरतो. मग ताई ते बटण दाबते, आणि आम्ही दोघं शांत होतो.