बाबांची मूठ

पत्र्याच्या डब्यात तांदूळ पडले आणि रिकाम्या तळाशी टणटणले. पहाटेच्या शांततेत तो आवाज ताडपत्रीच्या पार टोकापर्यंत गेला.

"बाबांची मूठ टाकलीस?" गोधडीतून पारतेनं विचारलं.

"टाकली. झोप तू," तिआल लेकीला म्हणाली.

भात शिजवायला घेतला की आधी एक मूठ प्रभूची, मग घरच्यांची. तिआलच्या आजीनं हेच केलं होतं, आईनंही. शनिवारी हनेम आजी घरोघरचे डबे पोत्यात रिकामे करून नेत, आणि चर्चच्या मंडळीनं प्रभूचं वचन सांगायला दूर धाडलेला सुवार्तिक त्यावर जगे. यंदा सुवार्तिक म्हणून पारतेचे बाबाच गेले होते. एका सकाळी लेक भुकेनं रडत डब्याकडे बोट दाखवायला लागली, तेव्हा तिआल बोलून गेली, "ही मूठ बाबांची. वाटेत त्यांना भूक लागली की हीच खातात." पोर गप्प झाली. त्या दिवसापासून मूठ पडल्याशिवाय ती घासाला हात लावेना.

गाव जळल्यापासून सगळे या घळीत ताडपत्र्यांखाली राहत होते. नदीपलीकडच्या गावातल्या पोरांनी सैनिकांना वाट दाखवली, हे लहान मुलांनाही ठाऊक होतं. पुढे आपल्याकडच्या पोरांनी तेही गाव पेटवलं. आणि तिआलचा नवरा ह्रांग निघाला होता तिथंच मंडळी उभी करायला.

"आपलं घर जाळणाऱ्यांना बाप्तिस्मा देणार?" तिआलनं विचारलं होतं.

"जाळणारे गेले गं कुठल्या कुठे. मागं म्हाताऱ्या उरल्यात. मेलेल्यांना पुरायलासुद्धा माणूस नाही."

"मग त्या म्हाताऱ्यांसाठी जीव देऊन या."

"जीव कशाला? दोन स्तोत्रं म्हणेन. माझा गळा ऐकून निम्म्या पळतील, उरतील त्यांची मंडळी." तो हसला, आणि पाठीवर तान्ह्याला बांधून उभ्या असलेल्या तिलाही हसू आलं. तेवढ्यात तो निघालासुद्धा. परत येईन एवढंच म्हणाला, कधी ते नाही.

पावसाळा सरता सरता पारतेला ताप चढला. घरचा तांदूळ संपला होता, मकाही. तिसऱ्या दिवशी पोर डोळेही उघडेना, तेव्हा तिआलनं डबा उचलला आणि आठवड्याचा तांदूळ पातेल्यात ओतला. पेज निवाली तशी ती भरवू लागली.

"हे बाबांचं ना?" पारतेनं ओठ मिटून घेतले.

"बाबांनीच पाठवलंय तुला. खा, बाळा."

शनिवारी हनेम आजींनी डबा उलटा करून ठोकला. "काय गं, उंदीर प्रार्थनेला येऊन गेले वाटतं?"

"पोरीला ताप होता, आजी."

म्हातारीनं गोधडीकडे पाहिलं. "बरं केलंस. पोतं या वेळी अर्धंच आहे. सगळ्यांकडे उंदीर झालेत." आणि ती पुढच्या ताडपत्रीकडे वळली.

पारते बरी झाली. पुन्हा रोज पहाटे मूठ पडू लागली. आणि एका दुपारी बिककाका परत आले. ह्रांगसोबत गेलेले, मंडळीतले एक वडीलधारे. एकटेच होते. दाराशी आले आणि टोपी हातात धरून उभे राहिले, आत येईनात.

तिआलनं तान्ह्याला छातीशी घेतलं. "कुठं?"

"नदीच्या अलीकडे. परत येताना."

पारते काकांना पाणी घेऊन आली आणि तिथंच बसली. तिला बाहेर धाडायचं तिआलला सुचलं नाही.

"चर्च उभं राहिलं, पोरी," काका म्हणाले. "चार खांब, वर गवत. रविवारी सगळ्या म्हाताऱ्या आल्या. पहिल्या दिवशी त्या आमच्यावर थुंकल्या होत्या." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तांदूळ आला तो अर्धं पोतं. ह्रांगनं त्यातलाही वाटून टाकला. निघालो तेव्हा पोटात काही नव्हतं. वाटेच्या कडेला रानकंदाचा वेल दिसला त्याला. मी म्हटलं, वाट सोडू नकोस, सुरुंग पेरलेत. म्हणाला, काका, भुकेनं पाय उचलत नाही, दोनच पावलं आहेत."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. नंतर एवढंच म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच नदी उतरून आल्या. दगड त्यांनीच वाहिले. चांगलं पुरलंय त्याला."

संध्याकाळपर्यंत बायका येऊन बसत, उठत राहिल्या. कुणी स्तोत्र सुरू केलं आणि मध्येच सोडलं. सगळ्यात शेवटी हनेम आजी आल्या. त्यांनी पाठीवरचं पोतं चुलीपाशी ठेवलं.

"या आठवड्याच्या मुठी. सगळ्यांच्या. तुझ्याकडेच ठेवायच्या ठरल्यात."

"ह्या प्रभूच्या आहेत, आजी."

"त्याचं त्याला मी सांगते. तू पोरांना भात घाल." म्हातारी तिथंच टेकली आणि चूल फुंकू लागली.

तिआलनं पातेलं घेतलं. पोत्यात वेगवेगळ्या घरांचा तांदूळ होता, लाल, पांढरा, कण्या, कुणाचा न कांडलेला. तिनं पातेल्यात घालायला ओंजळ भरली, पण सवयीनं त्यातली एक मूठ वेगळी झाली आणि हात डब्यावर जाऊन थांबला. ही आता कुणाची, ते तिला कळेना. मूठ उघडेना, मागेही येईना.

पारते दुपारपासून कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. ती उठून जवळ आली. तिनं आधी डब्यात वाकून पाहिलं, मग आईच्या मुठीकडे.

"आई," ती हळूच म्हणाली, "तापात मी खाल्ली, ती बाबांची मूठ होती ना?"