धोका कमी

डॉ. हेमेंद्र कटरेंनी चिमट्याने रिंकूच्या डाव्या गालातून काहीतरी बाहेर काढलं आणि दिव्याखाली धरलं. तपकिरी, चिकट, भिजून फुगलेलं मोहफूल होतं.

"सवय आहे जी तिले," रिंकूची आई रुख्मा म्हणाली. "रानात संगं येते. वाळला मोहा दिवसभर गालात धरून राहते, मंग भूक नाही लागत."

फूल होतं तिथलीच दाढ आतून पोखरली होती आणि मुळाशी पू झाला होता. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीची ही कायमची दाढ; काढली की तिथे जन्मभर खड्डा.

डॉक्टरांनी जुनं कार्ड शोधून काढलं. दोन वर्षांपूर्वी, २००९ साली, देवरीजवळच्या तिच्या शाळेत त्यांनीच शिबिर घेतलं होतं. रिंकूच्या दाढा तेव्हा नुकत्याच उगवल्या होत्या. ज्या पोरांना कीड लागायचा धोका जास्त, त्यांच्या दाढांच्या खाचा औषधाने बुजवायच्या होत्या. औषध थोडं आणि पोरं दोनशे, म्हणून आयांना प्रश्न विचारून निवड केली होती. कार्डावर त्यांचंच टपोरं अक्षर होतं : चॉकलेट नाही, बिस्किट नाही, मिठाई सणासुदीला. धोका कमी. खाली सही, तीही मोठ्या दिमाखात ठोकलेली.

"मी विचारलं होतं तुम्हाला, गोड काय खाते म्हणून." त्यांचा आवाज चढला.

"इचारलं ना. मी नाही म्हनली. मोहा का गोडात मोजतेत जी? तो तं पोटाचा आहे." रुख्माने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्या घरी मोजतेत का?"

डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवलं. तिरोड्याकडच्या त्यांच्या गावी आई अंगणभर मोह वाळत घालायची आणि शाळेला निघताना मूठभर त्यांच्याही खिशात असायचा. नागपूरला शिकायला गेले, तिथल्या पुस्तकात चॉकलेट होतं, मोह नव्हता. त्यांनीही तो प्रश्नांत घातला नाही. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नाही मोजत," ते म्हणाले. शहरात राहून मागे पडलेली बोली आपोआप तोंडात आली. "चूक माही आहे, बाई. मले मालूम होतं, तरी इचारलं नाही. खाचा बुजवाचं पंधरा मिनिटांचं काम होतं. दाढ वाचली असती."

रुख्माने रिंकूचा फ्रॉक गुडघ्यावर सारखा केला.

भूल देऊन त्यांनी दाढ काढली. रिंकू रडली नाही. कापूस दाताखाली धरूनच तिने हात पुढे केला.

"द्या. छपराच्या कवेलूवर फेकाची आहे. मंग नवी येते."

डॉक्टरांनी रुख्माकडे पाहिलं.

"नोका सांगू जी," ती हळूच म्हणाली.

त्यांनी दाढ धुतली, कागदात गुंडाळली आणि रिंकूच्या हातावर ठेवली.

"किती दिवसांत येते?" रिंकूने विचारलं.

डॉक्टर पाठ करून नळाशी उभे राहिले. मायलेकी दाराबाहेर गेल्या तरी ते हात धूतच होते.