गाळापलीकडची चूल

"हलू नको गो! हलशील तेवढी आत जाशील!" सोनूबाई ओरडली.

समोर, चार होड्यांच्या अंतरावर, गुणवंती कमरेपर्यंत गाळात रुतली होती. तिच्या डोक्यावरची लाकडाची मोळी घसरून पडली होती आणि भरतीचं पहिलं पाणी ती हलकेच ओढून नेत होतं. जीव जायची वेळ आली तरी गुणवंतीचा एक हात मोळीकडेच ताणलेला होता.

दोघी सख्ख्या जावा. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती, पण कित्येक वर्षांत त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. सासरा गेल्यावर घराची वाटणी झाली, तेव्हा गुणवंती सगळ्या वाडीसमोर म्हणाली होती, "हिला कशाला दोन खोल्या? हिच्यामागं खाणारं कोण हाय?" सोनूबाईला मूल नव्हतं. पुढे तिचा नवरा महादेवही गेला. ती लालबागच्या बाजारात मासळी विकून एकटी राहू लागली. बाजारातून परतताना दोघी एकाच वाटेने येत, पण एक पुढे आणि एक मागे.

ती वाटही कसली? शिवडीच्या किल्ल्यापलीकडे, खाडीच्या गाळात घुसलेल्या एका उंचवट्यावर कोळ्यांची ही खारवाडी. भरतीला चारी बाजूंनी पाणी, ओहोटीला गुडघाभर चिखल. बैलगाडी तिथे कधी आलीच नव्हती. जळण यायचं ते खाडीपलीकडच्या गावांतून, मचव्यातून, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्यांतून. पण मुंबईत गाठीच्या तापाची, प्लेगची साथ सुरू झाली आणि पलीकडचे लोक या किनाऱ्याला पाय लावायला भिऊ लागले. मचवे बंद झाले. जवळची, खाडीकाठची तिवराची झाडं तोडून संपली. ओल्या तिवराचा नुसता धूर व्हायचा. उरली लालबागची लाकडाची वखार. तिथला धोंडू हात झटकून सांगायचा, "गाडी गाळात उतरत नाय, बाय. हमाल उतरतो, पण लाकडापरीस चिखलाचाच भाव जास्त लावतो. मी काय करू?"

म्हणून वाडीतल्या बायका मासळीची पाटी रिकामी झाली की त्याच डोक्यावर मोळी घेऊन गाळ तुडवत घरी यायच्या. आज गुणवंती घाईत होती. तिची सून शांती नुकतीच बाळंत झाली होती. तिला शेकायला घरात निखारा नव्हता. लवकर पोचावं म्हणून तिने नेहमीची वाट सोडली आणि मऊ गाळात पाय टाकला.

सोनूबाईने एकदा मागे पाहिलं. हाकेच्या टप्प्यात कोणी नव्हतं. मग तिने डोक्यावरची मोळी उतरवली, दोर सोडला आणि एकेक लाकूड गाळावर आडवं टाकत पुढे सरकू लागली. बाजारातली दिवसभराची कमाई त्या लाकडांत होती. शेवटची दोन जाड लाकडं तिने गुणवंतीच्या छातीपाशी सरकवली.

"यांच्यावर आडवी पड. हात दे मला."

"माझी मोळी, बाय..."

"मोळी गेली! हात दे म्हणते ना!"

बऱ्याच ओढाताणीनंतर गाळाने गुणवंतीला सोडलं. दोघी पोटावर सरपटत घट्ट जमिनीवर आल्या आणि तिथेच धापा टाकत पडल्या. मागे पाणी चढलं. दोन्ही मोळ्यांची लाकडं तरंगत खाडीकडे निघाली. दोघी ती पाहत राहिल्या. मग गुणवंतीला रडू फुटलं. "आता बाळंतिणीला काय देऊ?"

सोनूबाई उठली आणि चालू लागली.

घरी येऊन तिने अंग धुतलं. चुलीमागच्या कोनाड्यात अडीअडचणीसाठी राखलेली चार-सहा फाटी तिने काढली. त्यांतली अर्धी शेजारी द्यावीत असं आधी मनात आलं. पण अर्ध्यांवर ना तिचा भात शिजला असता, ना तिकडचं पाणी तापलं असतं. थोडा वेळ ती फाटी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तांदूळ धुऊन पातेल्यात घातले, फाटी काखेत मारली आणि पातेलं घेऊन शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

"दोन चुली पेटायच्या नायत," ती म्हणाली. "एक पेटल. सरक."

गुणवंती सरकली. आधी पाणी तापलं, मग दोन्ही घरचा भात एका पातेल्यात शिजला. निखारे शेगडीत भरून शांतीच्या खाटेखाली सरकवले. उबेने पोरगं पहिल्यांदाच शांत झोपलं. चुलीपुढे बसल्या बसल्या गुणवंती हलकेच म्हणाली, "बाय, तवा मी जे बोलले ना..."

"भात लागतोय खाली. बघ."

गुणवंतीने डोळे पुसले आणि भात हलवला.

दुसऱ्या दिवशीही चूल एकच पेटली. तिसऱ्या दिवशी वाडीतली रखमा डाळीचं मडकं घेऊन आली आणि लाजत विचारू लागली, "चुलीत विस्तव हाय तवर माझं ठेवू काय?" हळूहळू पाच घरांचं रांधण गुणवंतीच्या चुलीवर होऊ लागलं. भांडणंही झाली. कोणाचं मडकं आधी, कोणाच्या कालवणात कोणी मीठ जास्त टाकलं. पण जळण निम्म्याहून कमी लागू लागलं आणि बायकांना बोलायला एक जागा मिळाली.

तिथेच सोनूबाईने गोष्ट काढली. "धोंडूची गाडी गाळात येत नाय, पण शिवडीच्या बंदरापर्यंत येते. सगळ्यांनी मिळून गाडीभर लाकूड घेऊ. तिथून भरतीला आपल्याच होडीतून आणू. चिखलाचा पैसा कोणाला देऊ नका."

बायका तिला घेऊन वाडीच्या पाटलाकडे, अप्पाकडे गेल्या. अप्पा जुन्या वळणाचा. "होडी दर्यासाठी हाय," तो म्हणाला. "तिची पूजा करतो आपण. मोळ्या वाहायला हाय काय ती?"

"मग दर्यातली मासळी कच्चीच खाशील काय, अप्पा?" गुणवंतीने विचारलं.

बायका हसल्या. अप्पाही मिशीत हसला. गुणवंतीचा मुलगा रामचंद्र उठून सोनूबाईला म्हणाला, "माझी होडी नेतो. मोठी आय, तू चल बरोबर. धोंडूशी तूच बोल."

पुढच्या भरतीला होडी काठोकाठ भरून आली, तेव्हा सगळी वाडी किनाऱ्यावर उतरली होती. रामचंद्राने होडीच्या नाकाडावर पाणी शिंपून आधी तिची माफी मागितली आणि मगच पहिलं लाकूड उतरवलं. ते अप्पाने स्वतः खांद्यावर घेतलं.

तो हिवाळा तसा गेला. तापाने वाडीतली दोन माणसं नेली. पण थंडीने किंवा उपाशीपोटी कोणी गेलं नाही. पावसाळ्यानंतर पलीकडचे मचवे पुन्हा येऊ लागले. जळण स्वस्त झालं, तशा रखमाने आणि इतरांनी आपापल्या चुली पेटवल्या.

एका सकाळी सोनूबाईनेही आपली चूल सारवायला शेण कालवलं. गुणवंती दारात येऊन उभी राहिली, कालवलेलं शेण बघून परत गेली. थोड्या वेळाने शांती आली. तिच्या कडेवर पोरगं होतं.

"मोठी आय, आमच्या घरात धूर लय होतो. हा खोकतोय. याची झोळी तुझ्या खोलीत बांधू काय?"

सोनूबाईने खोलीभर नजर फिरवली. झोळी टांगायला आढं एकच होतं, नेमकं चुलीच्या वर. ती चूल महादेवाने वाटणीनंतर स्वतःच्या हातांनी घातली होती. तिने चुलीच्या कडेवरून एकदा हात फिरवला.

"दोर आण," ती म्हणाली. "आणि रामचंद्राकडून पहार माग."

दुपारपर्यंत चूल निघाली आणि जमीन सपाट झाली. झोळीत पोरगं झोपलं होतं. सोनूबाईने सगळी खोली सारवली, भिंतींना चुना लावला. चुलीमागचा महादेवाच्या वेळचा काजळीचा पट्टा तेवढा तिने तसाच राहू दिला, आणि झोळीची दोरी हातात घेऊन त्याला पाठ टेकून बसली.