पोह्यांनंतर ट्रिगर

मुलगी बघायला आलेल्यांना सगळीकडे पोहे मिळतात. आमच्या घरी पोह्यांनंतर ट्रिगर मिळतो. ही पद्धत मी पाडली आणि आप्पांना ती अजिबात पसंत नाही.

सुप्याला एमआयडीसीच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे, मागे घर. आप्पासाहेब, म्हणजे माझे वडील, बाहेर मोटारी आणि स्टार्टर बघतात. आत बेंचवर कंपन्यांचे बिघडलेले कंट्रोल बोर्ड मी दुरुस्त करते. नाव राजेश्वरी, वय एकोणतीस, जीभ तिखट. स्थळं येतात ती झाडून सगळी ‘इंजिनिअर’. त्यातल्या कोणाला टेस्टर कुठल्या टोकाला धरायचा हे ठाऊक आहे, ते बायोडाटावर लिहिलेलं नसतं. म्हणून मी त्यांना बेंचवर बसवते.

या वेळी बेंचवर तीन स्कोप होते. स्कोप म्हणजे विजेची हालचाल पडद्यावर रेघ काढून दाखवणारा डबा. निळा, काळा, पांढरा. तिन्ही स्वस्तातले, न पटल्यास परत करायच्या बोलीवर आणलेले. मला एकच ठेवायचा होता. स्वस्त स्कोपची लबाडी ट्रिगरमध्ये असते. नेमक्या कोणत्या क्षणाचं चित्र धरायचं हे ट्रिगर ठरवतो. तो चुकला की बोर्डातला बिघाड समोरून निघून जातो आणि आपण चांगली चिप काढून फेकतो. मी एक छोटा बोर्ड बनवला होता. तो साधी लाट सोडायचा आणि दर दहा सेकंदांनी त्या लाटेच्या डोक्यावरून उडी मारणारा एक स्पाइक, म्हणजे क्षणभराचा झटका. कोणता स्कोप तो स्पाइक नेमका पकडतो, एवढाच प्रश्न.

याच स्कोपांसमोर आधीचे तिघे बसल्या जागी नापास झाले होते. एकाने मोठ्या पडद्यावर बोट ठेवलं. दुसऱ्याने किंमत विचारली. तिसरा म्हणाला, “सगळेच छान आहेत,” आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला तर मी चहासुद्धा दुसऱ्यांदा विचारला नाही.

रविवारी योगेश आला. शेवगावकडचा, वय चौतीस, इथेच एका कारखान्यात मेंटेनन्सला. बरोबर त्याची आई, चांगुणाबाई. बाई बसल्या बसल्या सगळं बोलून मोकळ्या झाल्या.

“दहाबारा घरं झाली, आप्पासाहेब. पोरगं निर्व्यसनी हाय, पगार हाय. पन कुनी व्हय म्हनंना. म्या आता पाया पडायची तेवढी ऱ्हायलेय.”

योगेश ताटलीतल्या शेंगदाण्यांकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, “चला, बेंचवर.”

आप्पांनी डोळे वटारले. मी उठले. सगळं लटांबर मागोमाग आत आलं.

मी बोर्ड दाखवून प्रश्न सांगितला. तो स्टुलावर बसला आणि काही न विचारता निळ्या स्कोपचं ‘ऑटो’ बंद करून त्याने ‘नॉर्मल’ लावलं. मी भुवई उचलली. ऑटोमध्ये स्कोप काही घडलं नाही तरी आपल्या मनाने चित्र काढत राहतो. नॉर्मलमध्ये विजेने आखलेली रेघ ओलांडेपर्यंत तो थांबतो, तोवर पडदा कोरा. योगेशने ट्रिगरची रेघ लाटेच्या थोडी वर नेऊन ठेवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हात मांडीवर घेऊन गप्प बसला.

“हा मधले मधले स्पाइक सोडतो,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. काळ्यावर म्हणाला, “हा एकही सोडत नाही, पण स्पाइक एका जागी उभा राहत नाही. दर वेळी डावी-उजवीकडे सरकतो. याच्यावर वेळ मोजली तर फसाल.”

अक्षर न अक्षर बरोबर. पांढरा चांगला आहे हे मला माहीत होतं; आता तो तेच सांगणार. पण पकडणं ही अर्धीच परीक्षा. काहीच नसताना स्कोप गप्प राहतो का, ही उरलेली अर्धी. त्याने वायर पांढऱ्याला लावली आणि मी बेंचखालचं बटण दाबून स्पाइक बंद केला.

तो वाट बघत बसला. पडदा कोरा. घड्याळ पाहिलं, वायर हलवून पाहिली, परत पाहिलं.

“दिसलं का रं?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“थांब, आई.”

“त्या दोन्हीत तर लगीच दिसलं हुतं. न्हाई येत का तुला?”

त्याने आईकडे पाहिलं. मग त्याची बोटं ट्रिगरच्या बटणावर गेली. रेघ हळूहळू खाली आली, थेट लाटेच्या डोक्यावर नेहमीच असणाऱ्या बारीक खरखरीत शिरली. पडदा उजळला. लाटेवर केसाएवढी कुसळं उभी होती. त्यातल्या एकावर बोट ठेवून तो म्हणाला, “सापडला. हा सगळ्यांत भारी. अजिबात हलत नाही.”

चांगुणाबाईंनी हात जोडले. मी वाकून बेंचखालचं बटण सगळ्यांना दाखवलं.

“स्पाइक मी बंद केला होता. तुम्हाला काय सापडलं?”

आप्पा म्हणाले, “राजे, बास.” मी कसली थांबते!

“सांगा ना. ‘काही दिसत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. जमलं नाही?”

योगेशने मान वर केली. “इतक्या घरांतून ‘नाही’ ऐकून घेतलंय. आज आईसमोर माझ्याच तोंडून निघेना.”

“मग माझ्या तोंडून ऐका,” मी म्हटलं. “नाही.”

चांगुणाबाईंना आधी कळलंच नाही. त्या माझ्याकडे बघून हसतच होत्या. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे भरले. योगेशने वायर काढली, नीट गुंडाळून बेंचवर ठेवली आणि आईचा दंड धरून तिला बाहेर नेलं. जाताना आप्पांना नमस्कारही केला.

गाडी गेल्यावर आप्पा दारातच उभे राहिले.

“आधीच्या तिघांच्या वेळी स्पाइक बंद केला होतास?”

“नाही.”

“का?”

“ते आवडले नव्हते.”

आप्पा आत गेले आणि चांगुणाबाईंची न संपलेली पोह्यांची ताटली त्यांनी स्वतःच उचलली.